मातीच्या भट्टीतून निघालेला कॅमेरा



घरातली जुनी लोखंडी पेटी एकदा उघडून बघा. वरती सातबाऱ्याचे उतारे, सोसायटीच्या पावत्या, कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला. त्यांच्या खाली बहुतेक घरांत एक अल्बम निघेल. तुमचे लग्न १९८० ते २००० च्या दरम्यान झाले असेल, तर त्यातले फोटो रोलवर काढलेले असणार. मांडवात स्टुडिओवाला आला होता, त्याच्या गळ्यात कॅमेरा होता, आणि त्या काळी अशा कॅमेऱ्यांवर 'याशिका' हे नाव आपल्याकडे बऱ्याचदा दिसे.

या नावामागची एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. १९८३ पासून २००५ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, याशिका ज्या जपानी कंपनीच्या घरात नांदली, ती कंपनी मुळात कॅमेरे करणारी नव्हतीच. तिचा धंदा होता भट्टीत भाजलेल्या मातीचे सुटे भाग करून इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांना पुरवण्याचा. तिचे नाव क्योसेरा.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, खते-बियाणे सोडून हे काय काढले? थोडा धीर धरा. ही गोष्ट कॅमेऱ्याची आहे तशीच ती एका घरच्या हुन्नराची आहे. हुन्नर पक्का असूनही धंदा का मोडतो, आणि धंदा मोडला तरी घर कसे टिकते, हे तिच्यातून समजते.

छत्तीस फोटोंचा हिशोब

मी कृषी खात्यात लागलो तेव्हा पीक प्रात्यक्षिकाचे फोटो काढायला आमच्या कार्यालयात एक रोलचा कॅमेरा होता. एका रोलात छत्तीस फोटो. पेरणीचे दोन, फुलोऱ्याचे चार, काढणीचे सहा, असा हिशोब करूनच बटण दाबायचे. रोल संपला की तालुक्याला धुवायला द्यायचा आणि चार दिवस वाट बघायची.

एकदा हरभऱ्याच्या प्लॉटवर शिवार फेरी होती. आसपासच्या गावांतून शंभरेक शेतकरी आले होते. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. रोल धुऊन आला तो कोरा. झाले होते असे, की रोल भरताना फिल्मचे टोक दात्यांवर बसलेच नव्हते. मी बटण दाबत राहिलो आणि आत फिल्म जागची हललीच नाही. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, माझाच होता. पण त्या दिवसापासून डबीच्या आत नेमके काय चालते याची मला गोडी लागली.

कुंभाराच्या धंद्याची पुढची पायरी

काझुओ इनामोरी हा जपानच्या दक्षिणेकडच्या कागोशिमा गावचा मुलगा, जन्म १९३२ चा. तिथल्याच विद्यापीठात रसायनाचे शिक्षण घेऊन तो १९५५ साली क्योतो शहरातल्या एका कारखान्यात लागला. विजेच्या खांबावर चिनी मातीच्या पांढऱ्या चिमण्या असतात ना, तशा वस्तू तिथे होत. कारखान्याची स्थिती बेताची होती. पगारसुद्धा वेळेवर होत नसत.

इनामोरीकडे काम आले ते नव्या प्रकारच्या मातीचे. इथे माती म्हणजे आपल्या वावरातली काळी माती नव्हे. शुद्ध केलेल्या खनिजांची ती पिठासारखी पूड असते. तिला हव्या त्या आकारात दाबायचे आणि भट्टीत भाजायचे. भाजल्यावर ती दगडाहून कठीण होते, वीज अडवते, उष्णतेला दाद देत नाही. हिला सिरॅमिक म्हणतात. अडचण एवढीच होती, की या पुडीला आपल्या मातीसारखा चिकटपणा नसतो. आकार धरायच्या आतच ती भुसभुशीत होऊन सुटते.

इनामोरी स्वतः सांगत असे की एके दिवशी प्रयोगशाळेत त्याचा पाय पॅराफिन मेणाला अडखळला आणि मेण बुटाला चिकटले. तिथेच त्याच्या डोक्यात उजेड पडला. कढईत परतावे तसे त्याने मेण आणि पूड गरम करून एकत्र केले. आकार धरला. भट्टीत मेण जळून गेले आणि मागे शुद्ध सिरॅमिक उरले. आपल्या बाया चकलीच्या पिठात मोहन घालतात ते काही उगीच नव्हे.

१९५९ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सोबत्यांना घेऊन त्याने स्वतःचा कारखाना काढला. भांडवल तीस लाख येन, माणसे अठ्ठावीस. नाव 'क्योतो सेरामिक'. पहिला माल होता टीव्हीच्या चित्रनळीत बसणारा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा एक बारीकसा भाग. पुढे ट्रान्झिस्टर आले, चिप आल्या, आणि त्यांना जपणारी सिरॅमिकची कवचे हा कारखाना करू लागला. १९८२ साली क्योतो आणि सेरामिक या दोन शब्दांचे जुळवून 'क्योसेरा' असे नाव झाले.

घड्याळाच्या भागांतून कॅमेऱ्याकडे

याशिकाचा जन्मही असाच लहान होता. १९४९ सालच्या डिसेंबरात जपानच्या नागानो भागात आठ कामगारांवर तिची सुरुवात झाली, आणि तीही विजेच्या घड्याळाचे भाग करण्यापासून. पहिला पूर्ण कॅमेरा निघाला १९५३ साली. वर-खाली दोन भिंगे असलेली ती पेटी होती. जुन्या स्टुडिओत फोटोवाला वरून मान खाली घालून बघत असे, तो हाच प्रकार.

१९६५ च्या अखेरीस याशिकाने 'इलेक्ट्रो ३५' नावाचा कॅमेरा बाजारात आणला. तोपर्यंत बऱ्याच कॅमेऱ्यांत उजेड किती आहे हे बघून फिल्मवर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा ते माणसालाच ठरवावे लागे. इलेक्ट्रो ३५ मध्ये हे काम विजेच्या मंडलाकडे दिलेले होते. उजेड फार झाला तर तांबडा दिवा लागे. उजेड कमी पडून हात हलण्याची भीती असेल तर पिवळा. नवख्या माणसाचाही फोटो साधू लागला. हा कॅमेरा जगभर अमाप खपला.

१९७३ साली याशिकाने जर्मनीच्या कार्ल झाइस या नामांकित भिंगवाल्या कंपनीशी हातमिळवणी केली. 'कॉन्टॅक्स' हे झाइसच्या घराण्याचे १९३२ पासूनचे नाव. जर्मनीत त्या घराण्याचे कॅमेरे बंद झाले होते. भिंगाची विद्या झाइसची, विजेची कारागिरी याशिकाची, असा नव्या कॉन्टॅक्सचा संसार ठरला. पहिला कॅमेरा १९७५ साली दुकानात आला. पण नाव मोठे झाले तरी गाठीचा पैसा आटत चालला होता. याशिका आर्थिक ओढाताणीत सापडली, आणि १९८३ साली क्योसेराने तिला आपल्यात सामावून घेतले.

माती कामाला आली

पैसेवाल्याने आजारी कारखाना विकत घ्यावा आणि वर नुसती आपल्या नावाची पाटी लावावी, असे पुष्कळदा घडते. क्योसेराने तसे केले नाही. तिने आपला घरचा हुन्नर कॅमेऱ्यात उतरवला. तो कसा, हे समजण्यासाठी फिल्मची एक खोड सांगतो.

फिल्म ही गुंडाळलेली पट्टी. उलगडली तरी ती किंचित बाक धरतेच, जसे बरेच दिवस गुंडाळून ठेवलेले कॅलेंडर भिंतीवर लावले तरी खालून वळते. कॅमेऱ्याच्या भिंगाला मात्र समोरचे चित्र एका नेमक्या पातळीवरच रेखीव पाडता येते. फिल्म केसभर पुढे-मागे झाली की रेखीवपणा गेला. भिंग कितीही भारी असो, पाठीमागची फिल्म सपाट नसेल तर पैसे पाण्यात.

१९९० च्या 'कॉन्टॅक्स आरटीएस तीन' या कॅमेऱ्यात क्योसेराने फिल्मच्या मागे सिरॅमिकची पाटी बसवली. सिरॅमिक घासून अत्यंत सपाट करता येते, ते झिजत नाही आणि उन्हाने धातूइतके फुगत नाही. त्या पाटीतून फोटोच्या क्षणी हवा ओढून घेतली जाई. ओला कागद सारवलेल्या भिंतीला चिकटावा तशी फिल्म पाटीला चिकटून बसे. फोटो झाला की सुटे आणि पुढे सरके. टीव्हीच्या नळीसाठी शिकलेली विद्या तीस वर्षांनी अशी फोटोच्या कामी आली.

त्याच सुमारास 'कॉन्टॅक्स टी-टू' हा शर्टाच्या खिशात मावणारा कॅमेरा निघाला. अंग टायटॅनियम धातूचे. डोळा लावायच्या खिडकीला कृत्रिम नीलमण्याची काच, म्हणजे ओरखडा पडायची भीती नाही. कृत्रिम रत्ने वाढवण्याचा उद्योग क्योसेरा आधीपासूनच करत होती.

गरीब गिऱ्हाइकाकडेही तिचे लक्ष होते. 'याशिका एफएक्स-३' जातीच्या कॅमेऱ्यात बॅटरी फक्त उजेड मोजायला लागे. ती संपली तरी कॅमेरा चालू. १९८७ च्या सुमारास 'सामुराई' नावाचा उभ्या घडणीचा कॅमेरा आला. तो एका फोटोच्या जागेत दोन फोटो काढी. छत्तीसच्या रोलात बहात्तर फोटो! माझ्या हरभऱ्याच्या प्लॉटवर असा कॅमेरा हाती असता तर बहात्तर फोटो वाया घालवले असते, ही गोष्ट निराळी.

आणखी एका कॅमेऱ्याची हकीकत सांगतो. १९८५ नंतर स्वतःहून नजर जुळवणारे, म्हणजे ऑटोफोकस कॅमेरे झपाट्याने पुढे आले. कॉन्टॅक्सवाल्यांची जुनी महागडी भिंगे मात्र हाताने फिरवायची होती. ती फेकायची कशी? क्योसेराने १९९६ साली 'कॉन्टॅक्स एएक्स' केला. त्यात भिंग जागेवर राही आणि पाठीमागची फिल्मच आतल्या आत दहा मिलिमीटरपर्यंत पुढे-मागे सरकून नजर जुळवी. कॅमेरा जाडजूड झाला खरा, पण जुन्या गिऱ्हाइकाची भिंगे वाया गेली नाहीत. गिऱ्हाइकाची ठेव जपावी ती अशी.

वारा फिरला

आता गोष्टीचे वळण ऐका. १९९९ सालच्या मे महिन्यात जपानच्या बाजारात एक मोबाईल फोन आला. त्याच्या तोंडाशी एक बारीकसा कॅमेरा होता. चित्र अगदी साधे, एक लाख दहा हजार ठिपक्यांचे. वीस चित्रे त्यात साठत आणि ती दुसऱ्याला पाठवता येत. कॅमेरा असलेला, बाजारात विकला गेलेला जगातला पहिला मोबाईल म्हणून त्याची नोंद आहे. तो फोन केला होता क्योसेरानेच.

म्हणजे एकाच घराच्या एका खोलीत फिल्म केसभरही बाक धरू नये म्हणून कारागीर झटत होते, आणि दुसऱ्या खोलीत फिल्मच नको असे करणारे बी पेरले जात होते. फिल्मवाल्या खोलीनेही त्याच वर्षी 'कॉन्टॅक्स ६४५' हा मोठ्या फिल्मचा उत्तम कॅमेरा काढला. लग्नाचे फोटो काढणारे त्याची वाखाणणी करत. आपण ज्याची मुळे खणतो आहोत तेच झाड दुसरा भाऊ शिंपतो आहे, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले असेल का?

डिजिटल कॅमेऱ्याचे मर्म थोडक्यात असे. फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारी चिप बसते. रोल नको, धुणे नको, वाट बघणे नको. २००० च्या सुमारास जगात फिल्मचा खप भरात होता. पुढच्या चार-पाच वर्षांत तो कोसळला. नदीला पूर येताना आधी कडेची वाळू ओली होते. ती ज्याला दिसली तो वाचला.

क्योसेराला ती दिसली नव्हती असे नाही. २००२ साली तिने 'कॉन्टॅक्स एन डिजिटल' बाजारात आणला. त्याची चिप फिल्मच्या चौकटीएवढी, छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची, साठ लाख ठिपक्यांची होती. भिंगे बदलता येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांत एवढी मोठी चिप आणणारा तो पहिलाच. पण अंधुक उजेडात चित्रात दाणे दिसत, बॅटरी भराभर संपे, आणि किंमत भारी. भरीत भर म्हणजे 'एन' जातीच्या कॅमेऱ्यांना जुनी कॉन्टॅक्स भिंगे बसतच नव्हती. १९९६ साली ज्या गिऱ्हाइकासाठी एवढा खटाटोप केला, त्यालाच आता सगळे नव्याने घ्या असे सांगावे लागले. नवा ट्रॅक्टर आणला आणि घरचा नांगर, पेरणीयंत्र, ट्रॉली काहीच त्याला जोडता आले नाही, तर शेतकरी काय करेल? शेजारच्या कंपनीचा ट्रॅक्टर बघेल. गिऱ्हाइकांनी तेच केले.

२००५ च्या एप्रिलमध्ये क्योसेराने कॉन्टॅक्स बंद करत असल्याचे जाहीर केले आणि कॅमेऱ्याच्या धंद्यातून अंग काढून घेतले. २००८ साली याशिका हे नावही हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाला विकले. पुढच्याच काळात कोनिका मिनोल्टा या जुन्या कंपनीने २००६ साली कॅमेरे सोडले, आणि २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

काय गेले, काय राहिले

कोडॅकचा संसार मुख्यतः फिल्मवर उभा होता, म्हणून त्या धक्क्याने सारे घर हादरले. क्योसेराचे तसे झाले नाही. तिचे मूळ होते भाजलेल्या मातीत. कॅमेरे गेले तरी चिपची कवचे, कापायची हत्यारे, छपाईची यंत्रे, स्वयंपाकघरातल्या न गंजणाऱ्या पांढऱ्या सुऱ्या, या सगळ्यांच्या मुळाशी असलेली ओल आटली नव्हती. १९७५ पासून तिने सौरविजेच्या कामातही हात घातला होता. कॅमेरा ही फांदी होती, खोड नव्हे. फांदी छाटली, जखम झाली, झाड उभे राहिले.

पण छाटणीची कळ कुणाला तरी लागतेच. ज्या कारागिरांनी हयातभर कॅमेरे जुळवले त्यांची विद्या मागे पडली. ज्यांनी पोटाला चिमटा घेऊन कॅमेरा घेतला होता त्यांना पुढे सुटे भाग मिळणे अवघड झाले. आज गंमत अशी, की तोच जुना टी-टू मिळावा म्हणून परदेशातली तरुण मुले मोठी किंमत मोजतात. मात्र तो बिघडला तर दुरुस्त करणारा हात शोधत फिरावे लागते.

इनामोरी २०२२ साली नव्वदीला पोहोचून वारला. त्याची एक रीत आपल्या घरी आणण्याजोगी आहे. त्याने कारखान्याचे लहान लहान गट केले होते, आणि प्रत्येक गटाने आपला जमाखर्च आपणच मांडायचा असा दंडक घातला होता. आपण उसाचा, कांद्याचा आणि दुधाचा पैसा एकाच खिशात घालतो. वर्षअखेर कोण कमावते आणि कोण खाते हेच कळत नाही. प्रत्येक पिकाचे वहीत वेगळे पान करा. कोणती फांदी वाळते आहे ते आधी कळेल.

आणि नवीन काही करायच्या आधी घरात बसून दोन प्रश्न विचारा. यात आपला पूर्वीचा हुन्नर कुठे उपयोगी पडतो? आणि हा धंदा दुसऱ्या कुणाच्या 'फिल्म'वर तर उभा नाही ना? म्हणजे एकच कारखाना, एकच व्यापारी, एकच वाण यांच्यावर सगळी मदार असेल, तर आपले काम कितीही चोख असले तरी एक दिवस ते अडेल. नव्यात उतरू नका असे मी म्हणत नाही. खोड जपून उतरा, एवढेच सांगणे.

पेटीतल्या अल्बमचे काय?

शेवटी पुन्हा त्या पेटीकडे येऊ. कॅमेरे बंद पडले, बरेच स्टुडिओ बदलले, पण तुमचे फोटो आणि निगेटिव्ह घरातच आहेत. त्यांच्यावर जिलेटिनचा थर असतो. ओल लागली की धान्यासारखीच त्यालाही बुरशी धरते. म्हणून या गोष्टी कराच:

• निगेटिव्हच्या पट्ट्या कडेने धरा. बोटाचा ठसा उमटू देऊ नका. स्वच्छ कोरड्या कागदी पाकिटात घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा चुलीजवळ किंवा ओल्या भिंतीला लागून नको.

• प्लॅस्टिकला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. थर निघून येतो. तो अल्बममध्येच असू द्या आणि वरून त्याचा मोबाईलने फोटो घ्या.

• फोटोचा फोटो घेताना सावलीत, पण भरपूर उजेडात घ्या. मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा. निगेटिव्ह असतील तर स्कॅन करून देणारा स्टुडिओवाला गाठा. केलेल्या प्रती दोन जागी ठेवा, कारण मोबाईल हरवला की सगळेच हरवते.

• सर्वांत महत्त्वाचे, फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा. हे काम आजी आहे तोवरच करून घ्या. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी, डोईवर पदर घेतलेली ती बाई कोण, हे कोणताही कॅमेरा सांगणार नाही.

पावसाळा तोंडावर यायच्या आत एखादी दुपार काढा. पेटी अंगणात आणा, आजीला शेजारी बसवा आणि अल्बम उघडा. पेन्सिल टोक करून ठेवायला विसरू नका.